एकच बाटली, नऊ वेळा

हायस्कूलमध्ये विभाग पाच आणि कपाटं बावीस. विज्ञानवाल्यांकडे प्रयोगशाळा होती, भाषावाल्यांनी ग्रंथालयाची एक अख्खी भिंत बळकावली होती, इतिहास-भूगोलाचे नकाशे जिन्यावरच्या खोलीत गुंडाळून ठेवलेले. गणिताची तीन लोखंडी कपाटं तेवढी व्हरांड्यात उभी, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांच्यावर गुडघा आपटून जाई. अशा शाळेत ताईंना एकट्यांना अख्खी खोली मिळाल्यावर ती गणिताच्या विभागप्रमुखांच्या डोळ्यांत खुपणार नाही तर काय?

ताई म्हणजे शाळेच्या समुपदेशिका. मुलांनी यावं, मनातलं बोलावं, एवढ्यासाठी नेमलेल्या. खोली छान होती. दोन लहान खुर्च्या, एक सतरंजी, खिडकीला पडदा. फक्त खोली देणाऱ्याने दार कुठे उघडतं ते पाहिलं नव्हतं. ते उघडायचं थेट स्टाफरूमच्या खिडकीसमोर. आत पाऊल टाकणाऱ्या पोराकडे बारा शिक्षक चहाचे कप खाली ठेवून बघणार, आणि मग दिवसभर ‘काय रे, तुला काय झालं?’ ही चौकशी बारा वेळा होणार. पहिल्या दोन महिन्यांत ताईंकडे एकच जण आला, तोही पंखा पुसायला.

विभागप्रमुखांना पोरं कर्कटक सर म्हणत. उंच, काटकुळे, लांब ढांगा टाकत चालणारे, आणि काखेत कायम फळ्यावरचा लाकडी कंपास. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या तासाला टाचणीसुद्धा परवानगी घेऊन पडायची. त्यांनी मोठ्या बाईंकडे खोलीसाठी अर्ज दिला. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, कोणाला थेट नाही म्हणत नसत. सहामाहीपर्यंत थांबू, म्हणाल्या. ताईंच्या वहीत मुलांच्या नोंदी दिसल्या तर खोली त्यांची, नाहीतर कपाटं आत आणि ताई ग्रंथालयाच्या कोपऱ्यात. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसून कोणतं पोर रडणार होतं?

त्यात शिपाईमामांनी भर घातली. हरवलेल्या वस्तूंचा पेटारा जिन्याखाली असे, तिथे पाणी गळू लागलं. मामांनी तो ओढत आणून ताईंच्या सतरंजीवर ठेवला. वर म्हणाले की तुमच्याकडे तसंही कोणी येत नाही. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच. ताईंनी दोन दिवस मामांशी अबोला धरला.

पण तिसऱ्या दिवशी एका डब्याचे तीन मालक उभे राहिले, आणि ताईंनी नियम केला: विचारपूस झाल्याशिवाय वस्तू मिळणार नाही. शेवटची कधी पाहिलीस? तेव्हा कुठे होतीस? सोबत कोण होतं? पट्टी शोधायला आलेली एक मुलगी आधी म्हणाली, वर्गात होते. मग म्हणाली, सोबत कोणी नव्हतं. शेवटी म्हणाली की हल्ली कोणीच नसतं. ताईंनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

पोरं हुशार. पट्टी शोधायला जाणाऱ्याकडे स्टाफरूममधून कोणी मान वर करून बघत नाही, हे त्यांच्या आठ दिवसांत ध्यानात आलं. मग शाळेत वस्तू हरवण्याची साथच आली. रबर, रुमाल, एकेक मोजा. एका पठ्ठ्याने तर स्वतःचा डावा बूट गुपचूप पेटाऱ्यात टाकला आणि दुसऱ्या दिवशी लंगडत चौकशीला आला. त्याला दोन तास सांगण्यासारखं होतं. ताई इतक्या खूश होत्या की त्यांनी मामांना आपल्या डब्यातलं अर्धं जेवण दिलं.

अडचण एकच होती. नाव कुठेही लिहिणार नाही, असा ताईंनी पोरांना शब्द दिला होता. त्यामुळे समुपदेशनाची वही कोरी करकरीत, आणि पेटाऱ्याच्या वहीत नुसती वस्तू, वर्ग, वार आणि वेळ. सहामाही संपली तशी मोठ्या बाईंनी कोरी वही उलटीसुलटी करून पाहिली. खरं सांगावं तर मधल्या सुट्टीपर्यंत स्टाफरूमला कळेल, आणि पोरांच्या पट्ट्या हरवणं कायमचं बंद होईल. ताईंनी शब्द मोडला नाही. मोठ्या बाई हळहळल्या आणि म्हणाल्या, सोमवारी कपाटं आत येतील.

शुक्रवारी कर्कटक सर टेप घेऊन मापं काढायला आले. पेटारा मध्ये येत होता. मामा येईपर्यंत सर उभे राहिले, आणि रिकामं उभं राहता येत नाही म्हणून त्यांनी पेटाऱ्याची वही उघडली. खिशातून लाल पेन निघालं. पहिल्या पानावर त्यांनी बेरीज केली. तिसऱ्या पानावर गोल काढला, मग आणखी एक, आणखी एक. सातव्या पानावर त्यांचा हात थांबला. टेप तिथेच टाकून, वही घेऊन ते निघून गेले. ताईंना वाटलं, झालं, सगळं फुटलं.

थोड्याच वेळात ऑफिसात बोलावणं आलं. सर मोठ्या बाईंच्या टेबलापाशी उभे होते.

“एकशे बारा वस्तू आहेत,” ते म्हणाले. “त्यातली निळी बाटली एकच. ती नऊ वेळा हरवली आणि नऊ वेळा सापडली. बाई, एकच बाटली नऊ वेळा कोणी हरवत नाही.”

“मग?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“मग काही नाही. आमची कपाटं व्हरांड्यातच बरी. हवा लागते.”

मोठ्या बाईंनी सरांकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. तीस वर्षं पोरांत गेलेली बाई. त्यांना फोड करून सांगावं लागलं नाही. वही मिटून त्यांनी ती ताईंच्या हातात दिली आणि हे स्टाफरूमपर्यंत जायचं नाही, एवढंच बजावलं. ताईंना तिथेच रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर ताईंच्या दारावर टकटक झाली. कर्कटक सर होते.

“माझा कंपास हरवलाय,” ते म्हणाले. कंपास त्यांच्या काखेत होता.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी वही उघडली. सर त्या लहान खुर्चीत बसले, गुडघे छातीपर्यंत आले.

“ती बाटली मंगळवारी आणि शुक्रवारी हरवते,” ते म्हणाले. “तिसऱ्या तासाच्या आधी. सातवी ब. तिसरा तास माझा असतो. कोणाची बाटली ते मला विचारायचं नाही.”

ताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. शेवटचा कधी पाहिला होता?

“सहावीत,” सर म्हणाले. “माझं पोट दुखायचं. दर मंगळवारी, दर शुक्रवारी. घरी जायचो मी. आई ओव्याचं पाणी द्यायची, तिला वाटायचं पोटच दुखतंय.” त्यांनी कंपास दुसऱ्या काखेत घेतला. “तेव्हाही गणिताचाच तास असायचा, ताई.”

ताईंनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे सरकवली. सर बोलत राहिले, अंधारायच्या बेताला मामा कुलूप घेऊन आले तरी बोलत राहिले. निघताना ताईंनी नोंद पुरी केली. वस्तू: लाकडी कंपास. सापडण्याचं ठिकाण: काखेत. मालकाला परत: अजून नाही, दर सोमवारी चौकशीला येणार.