रांगेतला पहिला

काकांनी चौतीस वर्षं टपाल वाटलं, पण कुणाच्या दारात कधी बूड टेकवलं नाही. एका दारात चहा घेतला की पुढची चाळीस दारं उशिरा, असं त्यांचं म्हणणं. ती चाल अंगात इतकी मुरली की भाजी आणायला निघाले तरी काका वीस पावलं पुढे आणि काकू पिशव्या सांभाळत मागे. निवृत्तीनंतर गुडघे कुरकुरू लागले, पण ते कबूल करतील तर काका कसले!

त्यामुळे परदेशात नोकरी करणाऱ्या पुतणीने "या, आपण ज्वालामुखी चढू" म्हटल्यावर काकांनी कॉलनीभर दवंडी पिटली. पाच हजार मीटर उंच! आपण अजून म्हातारे झालो नाही, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. खरं सांगायचं तर कॉलनीला नव्हे, स्वतःलाच.

वाटाड्या उन्हाने रापलेला, मोजकं बोलणारा माणूस होता. बूट भाड्याने देणाऱ्या दुकानात त्याने सगळ्यांना इकडून तिकडे चालवून पाहिलं. सकाळी गाडीरस्ता संपला तिथे रांग लावताना त्याने काकांना दंडाला धरून सर्वांत पुढे उभं केलं. त्यांच्यामागे काकू, मग पुतणी, तिच्या ऑफिसातले दोघे तरुण आणि शेवटी तो स्वतः.

झालं! काकांची छाती अशी फुगली की जाकिटाची चेन लागेना. "जातिवंत चालणारा नजरेत भरतोच," ते काकूंना म्हणाले.

वाट राखेची, भुसभुशीत. दोन पावलं चढावं तर एक पाऊल खाली घसरायला होई. हवा इतकी विरळ की बुटाची नाडी बांधली तरी धाप लागे. तरी काकांच्या सूचना चालूच. "दम टिकवा! नाकाने श्वास घ्या!" थोड्या वेळाने सूचनांपुरताही श्वास उरला नाही. काकू मात्र मागून बोलत होत्या. सुनेची नवी नोकरी, शेजारणीचा मोतीबिंदू, घरी गॅस नीट बंद केला की नाही. काका नुसतं "हं" म्हणत राहिले.

शेवटच्या चढाआधी सगळे खडकांवर टेकले. काकांनी पुतणीला जवळ बोलावलं. "त्याला विचार गं, मी फार जोरात तर नाही ना चालत? या पोरांची दमछाक नको व्हायला."

पुतणीला पाण्याचा ठसका लागला. "काका, रागावू नका हं. इथे सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवतात. म्हणजे कुणी मागे सुटत नाही."

काकांनी त्या दोन तरुणांकडे पाहिलं. ते मजेत फोटो काढत होते. कुणालाही धाप लागलेली नव्हती. काकांचा चेहरा खर्रकन उतरला.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "मी गाडीपाशी जाऊन बसतो. माझ्यापायी कुणाचा खोळंबा नको." त्यांना फार वाईट वाटलं.

काकूंनी बुटातली राख शांतपणे झटकली. "झालं रुसून? आता माझं ऐका. लग्न झाल्यापासून मी तुमच्या पाठीकडे बघत बोलत आले. बाजारात, लग्नकार्यात, दवाखान्यात जातानासुद्धा. निम्मं तुम्हाला कधी ऐकूच गेलं नाही. आज सकाळपासून माझा प्रत्येक शब्द तुमच्या कानावर पडला. एवढं सुख मला आजवर मिळालं नव्हतं. आणि तुम्ही खाली जायचं म्हणता?"

"सुनेला पगार किती म्हणालीस?" काकांनी विचारलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठले.

शेवटी वाट जरा रुंद झाली, तशी काकूंनी त्यांच्या बरोबरीने चालायला सुरुवात केली. चार पावलं, थोडं बोलणं, पुन्हा चार पावलं. विवराची कड आता हाकेच्या अंतरावर होती आणि वाऱ्यावर गंधकाचा वास येत होता. मागून वाटाड्या काहीतरी म्हणाला.

पुतणी हसत म्हणाली, "काका, तो म्हणतोय, बोलणं थोडं कमी केलंत तर लवकर पोचू."

काका थांबले, काकूंना हात धरून आतल्या बाजूला घेतलं आणि वाट मोकळी केली.

"त्याला सांग, घाई असेल तर हो पुढे. हिचं अजून व्हायचंय."