डोमाजीच्या बोळक्यातले किडे

तेल्हाऱ्याच्या बाजारात दातवाल्या महाराजांभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज निखाऱ्यावर तेलात भिजवलेल्या बिया टाकत, वर नरसाळं पालथं घालत. दुखणाईत नळीतून धूर तोंडात घेई. मग महाराज नरसाळं पाण्याच्या ताटात झटकत आणि पांढरे, वळलेले किडे तरंगू लागत.

"तोंड म्हंजे बत्तीस खोल्यांचं घर," महाराज सांगत, "अन् किडा म्हंजे फुकटचा भाडेकरू. आपण त्याले बाहेर काढून राह्यलो."

माणिकबाईचा नुसता जळफळाट होत होता. अकोल्यात रूट कॅनाल करून वर्षं लोटली, तरी तिची दाढ ठणकायची. कॅप निसटायची, जेवण एकाच बाजूने. आणि धाकटी जाऊ शकुन एकदा धूर घेऊन आली, तर ठणका बंद! आता ती हिच्यासमोर बसून फुटाणे फोडायची.

"बाई, तुमी काहून नाई जात?"

माणिकबाई गेली. किडे निघाले, पण शकुनपेक्षा कमी. ठणका तसाच.

"तुही श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले.

शकुनची श्रद्धा जास्त? हे तिला सोसवेना. सांडलेल्या बिया उचलून तिने घरी तसाच धूर केला. नळीला तोंड लावलंच नाही. नरसाळं ताटात झटकलं, तर किडे हजर.

पुढच्या बाजारी तिने चुलतसासऱ्यांना, डोमाजींना, तोंडाला दुपट्टा बांधून बसवलं. नळीपुरता दुपट्टा सरकवून म्हाताऱ्याने धूर घेतला. ताट भरलं.

"पाहा, जुनी कीड," महाराज म्हणाले.

"मामाजी, तोंड उघडा," माणिकबाई सासऱ्यांना म्हणाली.

नुसतं बोळकं. एकही दात नाही. माणसं हसत सुटली.

माणिकबाईने बी फोडून दाखवली. रिंगणीच्या काटेरी झुडपाची ही बी तापली की तडकते, आतला पांढरा अंकुर उडून नरसाळ्याला चिकटतो. तोच किडा. महाराजांनी सामान गुंडाळलं.

शकुनला खिजवायला ती घाईने घरी आली, तर शकुन सुजलेला गाल धरून बसलेली. क्षणभर माणिकबाईला बरं वाटलं. मग भीती वाटली. दुसऱ्या दिवशी दोघी अकोल्याला गेल्या.

"नस मेली म्हणून ठणका थांबला," डॉ. मिस्बाह शकुनला म्हणाल्या. "पू खाली साचत राहिला." माणिकबाईच्या कॅपखालीही पुन्हा संसर्ग होता. "रूट कॅनाल केलेला दातही बिघडतो. दुखलं की तपासायला यायचं."

किड्यांचं खरं काय, असं गल्लीतल्या बायांनी विचारलं, तेव्हा माणिकबाई एवढंच म्हणाली, "माह्यावरही विश्वास ठेवू नका. नळीले तोंड न लावता बिया जाळा, नरसाळं ताटात झटका, डोळ्यानं पाहा, अन् मंग दवाखान्यात जा."