खाणीचा गाळ

तिला सगळे मुकादमीण म्हणायचे. मुकादमी तिला कुणी दिली नव्हती, तिनंच घेतली होती. दगडखाण बंद पडली, मालकानं गाशा गुंडाळला आणि वस्तीच्या उशाशी तेवढा खड्डा राहिला. जो तो जायची भाषा बोलू लागला, तेव्हा हीच कंबर कसून उभी राहिली. “खड्ड्यात पाणी साठतंय ना? मग तलाव करू. काठावर झाडं लावू, बसायला पायऱ्या काढू. जाताय कुठं?” लोक थांबले. लेक-जावई तर निव्वळ तिच्या शब्दाखातर थांबले.

खाणीच्या धुळीनं छाती भरून जे गेले, त्या प्रत्येकाचं एक झाड लावलं. पहिलं तिच्या नवऱ्याचं.

मग नको ते शहाणपण सुचलं. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं आणि गाळ उघडा पडला. सगळे जन्माचे पाथरवट, दगडावर घाण बघवेल कशी? मुकादमीण म्हणाली, “काढा सगळा. तळ आरशासारखा दिसला पाहिजे.” गाळ खरवडून झाडांच्या बुडाशी भरला, खडक खराट्यानं घासला. आणि काय देखणा दिसला तो!

पावसात तलाव काठोकाठ भरला आणि बघता बघता आटला. सुरुंगांनी तडकलेल्या त्या खडकाच्या भेगा गाळानंच तर बुजवल्या होत्या. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच, आणि धोंड्यांची या लोकांना कधी वाण नव्हती.

“गाळ परत तळाला घालू,” ती दारोदार सांगत फिरली. “आमच्या माणसाच्या झाडाला हात लावायचा नाही,” प्रत्येक दारातून हेच उत्तर आलं. घरं रिकामी होऊ लागली. शेवटी जावयानंही टेम्पो ठरवला.

निघायच्या सकाळी लेक आईला शोधत काठावर आली. आई फावड्यानं खणत होती.

“आई! बाबांचं झाड आहे ते!”

“मला शिकवतेस? आधी आपलं काढल्याशिवाय दुसऱ्याचं कुठल्या तोंडानं मागू?”

“कशाला जीव काढतेस? तूही चल ना आमच्याबरोबर.”

“थांबा म्हणून मीच सांगितलं होतं सगळ्यांना. आता मीच कशी निघू?”

तिनं झाड उपटलं, मुळांचा गाळ घमेल्यात झाडून घेतला. उघडी मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून तिनं ते लेकीच्या हातात दिलं.

“तिकडं पाणी आहे ना? तिकडं लाव.”

लेकीला रडू आवरेना. टेम्पोचा हॉर्न वाजत राहिला, तशी ती झाड छातीशी धरून गेली. मुकादमीण घमेलं घेऊन तळाशी उतरली, गाळ भेगेत ओतून पायांनी तुडवू लागली. वीतभरही भेग भरली नाही. तिनं वर बघितलं. काठावर कुणीच नव्हतं. रिकामं घमेलं उचलून ती पुन्हा पायऱ्या चढू लागली.