भागीरथाच्या नावाचं कार्ड

चिठ्ठ्या मीच काढल्या. डॉक्टरसाहेबांनी फक्त डबा धरला होता.

कापसाचे बोळे ठेवायचा डबा तो, आणि त्यात चाळीस नावांच्या घड्या. साहेब म्हणाले, "डोळे मिटा धर्मपाल. पहिली चिठ्ठी या बाजूला, दुसरी त्या बाजूला, असं शेवटपर्यंत."

यवतमाळहून आर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा दवाखाना, आणि मी तिथला कारकून. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा उकंडा हे नाव टाकून धर्मपाल झालो, पुढं मॅट्रिक झालो आणि अक्षर चांगलं म्हणून इथं चिकटलो. अक्षराचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

ही चाळीस माणसं म्हणजे गेल्या दीड वर्षात फवारणीचं औषध पोटात गेल्यामुळे आलेली आणि नशिबानं वाचलेली. केसपेपरवर सगळ्यांच्या नावापुढे एकच शब्द, 'चुकून'. जीव द्यायला निघाला होता असं लिहिलं की पोलीस दारात, कारण तो गुन्हा. म्हणून सांगणारे नातेवाईक, ऐकणारे डॉक्टर आणि लिहिणारा मी, आम्ही सगळे मिळून 'चुकून' म्हणायचो. नागपूरहून आलेल्या या साहेबांनी मात्र खरी वही वेगळी ठेवली होती. पाच देशांतले डॉक्टर मिळून एकच गोष्ट तपासत होते. वाचून घरी गेलेल्या माणसाला दर महिन्याला नुसतं एक कार्ड पाठवलं, तर तो पुन्हा त्या वाटेला जायचा थांबतो का? वर्षभर अर्ध्यांना कार्ड पाठवायचं, अर्ध्यांना नाही.

"सगळ्यांनाच पाठवू ना साहेब," मी म्हणालो.

"मग कार्डामुळे वाचले की आपोआप, हे कसं कळणार?"

बरोबर होतं. मला आजही राग येतो तो याचाच, की ते बरोबर होतं.

अकरावी चिठ्ठी शकुबाईची निघाली, बारावी भागीरथाची. काढताना डोळे मिटले होते, पण यादी लिहिताना उघडेच होते. दोघी आर्णीजवळच्या एकाच गावच्या, एकाच गल्लीतल्या. वॉर्डात त्यांच्या खाटाही शेजारी होत्या, आणि एकीच्या ताटातलं दुसरी खायची. एकीला कार्ड जाणार, दुसरीला नाही, हे मला तिथंच दिसलं. पण कामात आपली चूक निघू नये म्हणून मी गप्प बसलो आणि यादी सुरेख अक्षरात लिहून दिली.

कार्डाचा मजकूर साधा होता. 'आपली प्रकृती कशी आहे? आम्हाला आपली आठवण आहे. बरे वाटत नसल्यास दवाखान्यात यावे.' खाली दवाखान्याचा गोल शिक्का. आजाराचं नाव नाही, कारण कार्ड काय, सगळा गाव वाचतो.

वाचलंच. आमचा पोस्टमन लालसिंग, त्याचा आवाज खणखणीत. शकुबाईच्या दारात उभं राहून त्यानं ते कार्ड असं वाचलं, की गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून आल्या. सरकारनं शकूची विचारपूस केली! शिक्का बघून सासूची बोलती बंद. नवऱ्याचा हात महिनाभर उठला नाही. हे लालसिंगनंच मला हसत हसत सांगितलं. साहेबांना वाटत होतं माणूस मायेनं जगतो. इथं तर घर शिक्क्याला घाबरलं होतं, आणि त्यात ती बाई जगत होती.

पुढच्या बाजाराला भागीरथा आली. तिशीची असेल, पण चाल म्हातारीची. खिडकीशी उभी राहिली.

"भाऊ, शकुबाईले कारड आलं. मले काहून नाही आलं?"

"टपालात अडकलं असंन," मी म्हणालो.

"नक्की येईन ना? सासू म्हन्ते, पाह्य, सरकारलेबी तू नको. रोज म्हन्ते भाऊ. भाकर वाढताना म्हन्ते."

आम्ही तिला नुसतं कार्ड पाठवलं नव्हतं असं नाही, तिच्या सासूच्या हातात काठी दिली होती.

मी साहेबांकडे गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता.

"एकाच गल्लीतल्या आहेत हे तुम्ही आधी का नाही सांगितलं? दोघींना एका बाजूला ठेवलं असतं."

"आता ठेवा."

"आता यादी परदेशी गेली. अजून दहा महिने आहेत धर्मपाल. ते झाले की सगळ्यांना पाठवू, पहिलं तिलाच." आणि त्यांनी शिक्का ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. माझ्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता, आणि ते योग्यच होतं.

मी माझं स्वतःचं कार्ड आणलं, लिहिलं. सही करताना हात थांबला. परक्या पुरुषाचं, बिनशिक्क्याचं कार्ड, त्या घरच्या सुनेच्या नावानं, खाली धर्मपाल. लालसिंग ते दारात वाचणार. तिचं काय होईल हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी ते फाडलं. ज्या अक्षराचा एवढा तोरा, त्याला एक ओळ लिहिता येत नव्हती.

दर बाजाराला ती यायची. दर बाजाराला मी म्हणायचो, येईल. चौथ्या खेपेला मला राहवलं नाही.

"शकुबाईचं एखादं जुनं कारड मांगून घ्या. घरी दाखवा. तुमच्या घरी वाचता कोनाले येते?"

तिचं तोंड उजळलं. शकुबाईनं आनंदानं दिलं. पुढच्या बाजाराला भागीरथा डोक्याला तेल लावून आली, हातात नव्या बांगड्या. "सासूनं बस म्हनलं, भाऊ. चहा देल्ला." मी दिवसभर खुशीत होतो. पाच देशांच्या डॉक्टरांना जमलं नाही ते मी केलं, असं वाटत होतं.

त्यानंतरच्या बाजाराला ती आली तेव्हा बांगड्या नव्हत्या. कार्ड तिनं खिडकीच्या फळीवर ठेवलं.

"नलूनं वाचलं," ती म्हणाली.

नलू तिच्या जावेची पोर, तिसरीत. भिंतीतल्या देवळीतलं कार्ड काढून तिनं घरभर सगळ्यांसमोर एक एक अक्षर लावून वाचून दाखवलं होतं. शकुबाई. घर हसत सुटलं होतं, आणि दुसऱ्याचं कार्ड चोरणारी म्हणून ते गल्लीभर झालं होतं. मी गावोगाव सांगत फिरायचो, पोरींना शाळेत घाला. आणि त्या घरातली एखादी पोर खरंच वाचायला शिकली असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही!

"भाऊ, खरं सांगा. माह्या नावाचं कारड हाय का नाही?"

आणखी एकदा 'येईल' म्हणता आलं असतं. मला ते जमलं नाही.

"नाही बाई. चिठ्ठ्या काढल्या होत्या. तुमचं नाव कारड न भेटनाऱ्यायत गेलं. मीच काढली चिठ्ठी."

"मी समजत होती, आता तरी कोनी इचारून राह्यलं," ती म्हणाली. मी खुर्ची दिली, डॉक्टरांना भेटा म्हणालो, अक्षरशः हात जोडले. "घरी जा लागते, गाडी निंगाली असंन," एवढं बोलून ती गेली.

त्या बाजारानंतरच्या शनिवारी लालसिंगनं सायकल भिंतीला लावली आणि आत न येता दारातच बसला. भागीरथा विहिरीत सापडली होती. घरच्यांनी सांगितलं, पाणी काढताना पाय घसरला. पोलीस पाटलानं तेच लिहिलं.

साहेबांनी खरी वही काढली. "अपघात लिहा," ते म्हणाले.

"साहेब, ही खरी वही आहे."

"म्हणूनच. आपल्याकडे पुरावा नाही."

मी अपघात लिहिलं. पाच देशांच्या हिशेबात भागीरथा कुठंच आली नाही. कार्ड न मिळालेल्यांत एक बाई पाय घसरून गेली, बस.

महिना सरला. मी शकुबाईचं कार्ड लिहिलं, साहेबांनी शिक्का मारला, मी पेटीत टाकलं. चार दिवसांनी लालसिंग ते परत घेऊन आला.

"घेत नाही म्हन्ते. हातबी लावला नाही. म्हन्ते, पह्यले भागीरथाले द्या."

मी ते कार्ड साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, याचं वहीत काय लिहू. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं.

"आपण पाठवलं होतं ना?"

"पाठवलं होतं."

"मग पाठवलं, असं लिहा."

मी सुरेख अक्षरात लिहिलं.