बुधाजीचा उजवा पाय

पळस्पे फाट्याच्या अलीकडे बुधाजीने ब्रेक दाबला आणि शेजारी बसलेल्या अरुंधतीचं कपाळ काचेवर आपटता आपटता राहिलं.

“जास्तच धरतंय,” तो म्हणाला. “थांबा, बगू.”

गाडी चौसष्ट सालची फियाट, अरुंधतीच्या वडिलांची. ते गेल्यावर तिने हौसेने फियाटमध्ये नव्या गाडीचं इंजिन बसवून घेतलं. घोडा तरणा, लगाम म्हातारा. म्हणून डिस्क ब्रेक आणि पेडल हलकं करणारा बूस्टर लावायचं काम बुधाजीकडे आलं. पनवेलात ब्रेक म्हटलं की बुधाजी. चप्पल काढायची, अनवाणी पायाने पेडल दाबायचं आणि कुठलं चाक रुसलंय ते सांगायचं. खाडीच्या चिखलात पायाने चिंबोरीचं बीळ शोधणाऱ्या बापाचा तो मुलगा. पण त्याच्याकडे यायच्या त्या जुन्या जीपा, टेम्पो. सगळ्यांची पेडलं दगडासारखी जड.

गॅरेजात येऊन त्याने चाकं उतरवली, ब्रेकमधली हवा पुन्हा काढली. सगळं जागच्या जागी. मग हे असं का? बायकोने, गंगाबाईने, दिलेला डबा तसाच राहिला. कोडं पडलं की बायको, भूक, सगळं विसरायचा तो, आणि खरं सांगायचं तर त्यातच त्याला मजा यायची.

दुसऱ्या फेरीतही तोच हिसका बसला.

“काका, मी चालवून बघू?” अरुंधतीने विचारलं.

जागा बदलल्या. वळणाआधी तिने पाय ठेवला आणि गाडी अलगद थांबली. पुन्हा थांबवली, तशीच.

“छान झालाय की ब्रेक. उगाच घाबरवलंत.”

बुधाजी आपल्या उजव्या पायाकडे बघत बसला. अंगठा हलत होता. जागा बदलताना अनवाणी पायाखाली आलेली खडी मात्र टोचली नव्हती. शुगरने पायाची जाणीव जाते, असं डॉक्टर म्हणाले होते. ते दुसऱ्या कुणाच्या पायाबद्दल असणार, असं तो धरून चालला होता. जड पेडलांवर ते लपून गेलं होतं, या हलक्या पेडलाने उघडं पाडलं. त्याला फार वाईट वाटलं. गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण ही पोर याच गाडीने शनिवारी घाट उतरणार होती.

“ताई, खोटं नाय बोलत. ब्रेक मी तपासलेलाच नाय. माजा पाय मेलाय.”

तिने इंजिन बंद केलं. “डॉक्टरांकडे जाऊया?”

“जाऊ. आदी ह्ये पुरं करू. तुमी दाबा, मी इचारतो.”

गाडी कर्नाळ्याच्या दिशेने निघाली.

“कुठं धरला?”

“अर्ध्यावर.”

“वडतंय का कुठं?”

तिने पुन्हा दाबून पाहिलं. “हो, डावीकडे. थोडंसं.”

“थोडंसं म्हंजी किती?”

तिला सांगता येईना. पाय शाबूत होता तेव्हा त्यालाही ते कधी कुणाला सांगता आलं नव्हतं.

“परत दाबा,” तो म्हणाला.