बाहेरून कुलूप

आमच्या बंधुराजांचं एक गाणं सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. 'दार लावून घे.' घर सोडताना धाकट्याने मला खरंच एवढंच म्हटलं होतं. पाठीवर गिटार, पायांत माझे मोजे. मी दार लावून घेतलं आणि आत राहिले, आईजवळ. आई अंथरुणाला खिळली होती, तिच्याबरोबर मीही खिळले. तो त्या वाक्याचं गाणं करून मोकळा झाला.

आता मोठ्या कार्यक्रमासाठी त्याला शंभर पोस्टर हवी होती. हाताने छापलेली, त्याच्या सहीची, पुन्हा कधी न निघणारी. मी घरीच छापते. आईच्या पलंगाला लागून माझं टेबल, भिंतीशी छपाईच्या, जाळी ताणलेल्या चौकटी आणि खाली शाईचे डबे.

"ताई, दारात वाट बघणारी बाई काढ," फोनवर हुकूम सुटला. "डोळे जरा पाणावलेले."

"काढते. पण सोमवारचं काय?"

सोमवारी मला दुसऱ्या शहरातल्या एका छापखान्यात रुजू व्हायचं होतं. वर्षभराचं काम. तेवढं वर्ष त्याने आईजवळ राहावं, एवढंच माझं मागणं.

"बघू गं," तो म्हणाला. हे 'बघू' मी महिनाभर ऐकत होते.

बाई काही जमेना. प्रत्येक कागदावर माझंच तोंड उतरायचं, आणि ते वाट बघण्याऐवजी चिडलेलं दिसायचं. शेवटी बाईला काट मारली. 'दार लावून घे' म्हणणारा बाहेर असतो, त्याला दिसतं ते बंद दार. तेच काढायचं ठरवलं. कागद घेऊन जिन्यात गेले, आईने हाक मारली, आत आले. पुन्हा गेले, पुन्हा हाक. मग आत बसूनच, आठवणीत होतं तसं काढलं. आधी पिवळा, त्यावर तांबडा, शेवटी काळा. शंभर निघाल्यावर जाळीवरचं चित्र धुऊन टाकलं, पुन्हा निघू नये म्हणून.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी तो सह्या करायला आला. गाडी खाली उभीच. थोड्या सह्या झाल्या आणि त्याचं पेन थांबलं.

"ताई, हे काय? दाराला बाहेरून कुलूप?"

"मग?"

"अगं, गाण्यात ती आतून कडी लावते. बाहेर कुलूप म्हणजे सगळा अर्थच फिरला."

मी पोस्टर हातात घेतलं. चूक माझीच होती, आणि इतके दिवस ध्यानातही आली नव्हती. शाई किंवा औषधं आणायला गेले की मी कुलूप घालून जाते, कारण आईला उठून कडी लावता येत नाही. बाहेरून मला हे दार नेहमी असंच दिसलंय. कुणी आतून लावून घेतलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. हे कळलं आणि मला रडू आलं, रागाचं रडू.

"कसं दिसतं ते दाखव मला," मी म्हटलं. "मी बाहेर उभी राहते."

"ताई, उशीर होतोय."

"दार लावून घे," मी म्हटलं आणि बाहेर पडले.

आतून कडी सरकली. दार साधंच दिसत होतं, कोयंडा रिकामा. कुलूप शेजारच्या खिळ्याला लटकलेलं, किल्ली माझ्या ॲप्रनच्या खिशात. मी कुलूप कोयंड्यात अडकवलं आणि दाबलं.

"झालं का बघून?" त्याने कडी काढून दार ओढलं. ते हललं नाही. "ताई, थट्टा पुरे. खाली गाडी थांबलीय."

"सोमवारचं बोल."

त्याने दार पुन्हा ओढलं. मी पायरीवर बसले. दाराच्या आवाजाने आईला जाग आली असावी. दार वाजलं की ती नेहमी विचारते, तेच तिने विचारलं.

"गेला का तो?"



"नाही, आई," तो म्हणाला. "मला जाता येत नाहीये."

किती वर्षं हेच उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण आईने माझ्याबद्दल ते कधी विचारलंच नव्हतं.