घरात कुणाला सांगायचं नाही

प्लगचे तीन पितळी दात... फरशीवर उताणा पडलेला तो काळा प्लग, आणि मानसिंग मघापासून त्याच्याकडेच बघत बसलेला. एवढीशी वस्तू. भिंतीतून उपटायला जोरही लागत नाही; बायकोने, अनसूयेने, एका हाताने काढली होती, आणि त्या हाताला कणीक लागलेली होती. तेवढ्यावर तो लाल पडदा, तो भोंगा, ‘आपका कंप्यूटर खतरे में है, बंद मत कीजिए, इस नंबर पर फोन कीजिए’ असं एकसारखं घोकणारी ती बाई — सगळं चिडीचूप झालं होतं. मग आपल्याला हे का सुचलं नाही?

सकाळी तो पलटणीतल्या जुन्या सोबत्यांचे फोटो शोधत होता आणि एकाएकी पडदा लाल झाला. घाबरला, नंबर लावला — इथपर्यंत कुणाचंही झालं असतं. पलीकडचा माणूस किती अदबीने बोलत होता! काय करता, म्हणून विचारलं, आणि हा ‘फौजी होतो’ म्हणाल्याबरोबर — ‘जय हिंद, साहेब.’ तिथेच घसरलो आपण. निवृत्त होऊन जन्म लोटला, साताऱ्यात घर बांधलं, पोट सुटलं, तरी ते शब्द ऐकून मी खुर्चीतून उठलो, टाचा जुळवून उभा राहिलो. त्यानंतर त्याने सांगितलं त्या सूचना नव्हत्याच, हुकूम होते. हे उतरवून घ्या — घेतलं. इथे दाबा — दाबलं. मशीन बंद करायचं नाही, जागा सोडायची नाही, घरात कुणाला सांगायचं नाही... माऊसला माझा हात नाही आणि पडद्यावरचा बाण आपला आपण फिरतोय, आमच्या घरचे फोटो, कागद उघडून बघतोय, आणि मी काय करतोय, तर त्याला पहारा देतोय!

मग त्याने बँकेचं कार्ड आणायला सांगितलं. कार्ड अनसूयेकडे, तांदळाच्या डब्यात. हा घरापासून लांब असताना तिने लावलेली पद्धत, ती तशीच राहिली होती. तो फोन हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात गेला आणि — नुसतं आठवलं तरी कान तापतात — दबक्या आवाजात म्हणाला, “कार्ड दे. कशाला ते विचारू नको. तुला सांगायचं नाही असा हुकूम आहे.”

तिने परातीतून मान वर केली. “कुनाचा हुकूम?”

“कंपनीचा.”

“आवं, कंची कंपनी? माज्याच घरातलं मला सांगायचं न्हाई म्हनतोय, त्यो कोन मानूस हाय? द्या हिकडं.” आणि कणकेच्याच हाताने तिने फोन कानाला लावला. “कुनाचा रं तू? गाव कंचं तुजं?”

पलीकडून घाईघाईचं हिंदी ऐकू आलं. मॅडम, साहेबांना फोन द्या.

“सायेब हितंच हायती. तू गाव सांग आदी.”

तो काही गाव सांगेना. मग तिने फोन बंद करून ओट्यावर ठेवला, बाहेर येऊन प्लग उपटला आणि परत कणीक मळायला बसली. शिरवळच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या उत्कर्षाला, त्यांच्या लेकीला, तिनेच फोन केला. उत्कर्षाने आधी बँकेला कळवायला लावलं; पैसे जागेवर होते. मशीन आता मी येईपर्यंत चालू करू नका, म्हणाली. रागावली नाही. तिचं ते न रागावणंच मानसिंगला बोचलं. आजारी माणसाशी बोलावं तसा तिचा आवाज मऊ झाला होता.

कारण पैशांची भीती नव्हतीच ही. भीती होती थोरल्या भावाची, दादांची.

दादाही पुढे पुढे कुणाचंही ऐकायला लागले होते. वाटेत कुणी थट्टेने म्हणावं, दादा, आज बाजार हाय, की हे पिशवी घेऊन दहिवडीच्या गाडीत बसायचे. पुढे ते वहिनींनाच, बाई, तुमी कुनाच्या, म्हणून विचारायला लागले... आणि वाईट ते हे, की घरात सगळ्यांना दिसत असून दादांना कुणी काही सांगितलं नाही. त्यांच्यासमोर सगळे मऊ आवाजात बोलायचे. आपलं काय चाललंय, हे जगात फक्त त्या एका माणसाला ठाऊक नव्हतं. उद्या माझ्याही बाबतीत असंच... की उद्या कशाला, आजच?

अनसूया चहा घेऊन आली, समोर पेला ठेवून खुर्चीत टेकली.

“मी दादांच्या वाटेला लागलोय का?” त्याने विचारलं. विचारायचं नाही असं ठरवून बसला होता, तरी विचारलं.

तिने ते हसण्यावारी नेलं नाही. त्याच्याकडे नीट बघितलं, भाजी घेताना बघते तसं, सावकाश.

“आज तर न्हाई,” ती म्हणाली. “हुकमाला उबं ऱ्हायची खोड तुमची लगनापास्नंच हाय.”

“आणि उद्या?”

“उद्याचं मला काय म्हाईत? पर तसं काय दिसलं तर पयलं तुमालाच सांगन. आडून न्हाई बोलायची.”

पलटणीत दिवसातून दहा वेळा थँक्यू म्हणत होतो — साहेबाला, स्वयंपाक्याला, वाट दाखवणाऱ्या अनोळखी माणसाला... आणि हिला? आमच्यात बायकोला कोण म्हणतं? शब्दच नाही त्याला. पण आत असं भरून आलं होतं, की काहीतरी बोलणं भाग होतं.

“चहा फक्कड झालाय,” तो म्हणाला.

“आदी प्या तर!”

पेला अजून समोर तसाच होता, भरलेला. तो हसला, आणि हसता हसता त्याला वाटलं, न पिताच फक्कड म्हणालो, हे तिने आत्ता मला सांगितलं — आडून नाही, अगदी लगेच, तोंडावर सांगितलं.